घोडचूक नेमकी कुठे झाली? ऑनलाइन हरलेला बुद्धिबळाचा डाव तपासायला शिकताना

"ताई, वजीर गेलो गो तुझो!"

देवगडहून आतेभावाचा हा मेसेज आला तेव्हा इकडे गुहागरात लाईट गेली होती, मोबाइलची बॅटरी १९ टक्क्यांवर होती आणि वजीर गेलाय हे मला खरोखर मेसेज वाचल्यावर कळलं. मी एच६च्या प्याद्याकडे बघत होते. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता दूध उतू जावं, तसं झालं.

पूर्वी अशा वेळी मी एकच करायची. 'रीमॅच' दाबायची. राग पुढच्या डावावर काढायचा, तोही घालवायचा आणि मग जेवायला वाढायचं. दोन वर्षं असे ढीगभर डाव खेळले आणि खेळ होता तिथेच राहिला. मग कधीतरी हरलेला डाव उघडून बघायला लागले, पण तेही सुरुवातीला उलटंच केलं. कॉम्प्युटरचं विश्लेषण लावायचं, लाल खुणा बघायच्या, "हां, इथे माती खाल्ली" म्हणायचं आणि झोपायचं. दुसऱ्या दिवशी तीच माती पुन्हा. कुठली खेळी चुकली ते कॉम्प्युटर सांगतो. ती खेळी करताना तुमच्या डोक्यात काय चाललं होतं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतं. ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं, आणि तेही त्या रात्रीपुरतंच.

माझं शृंगारतळीला स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून वह्या घ्यायला येणाऱ्या शाळेतल्या मुली गल्ल्यापाशी थांबून विचारतात, "काकी, तुम्ही चेस खेळता ना? मी सारखी हरते, काय करू?" त्यांना सांगता सांगता जो क्रम ठरत गेला, तोच इथे लिहिते. मोहरे कसे चालतात ते येत असलं आणि ऑनलाइन दहावीस डाव झालेले असले, की एवढं पुरे.

डाव कोणता घ्यायचा

प्रत्येकी १० मिनिटांचा किंवा त्याहून लांब. तीन मिनिटांचे डाव तपासण्यात अर्थ नाही. त्यात विचारच नसतो, तर विचारातली चूक कुठून सापडणार?

ओळखीच्या माणसाशी खेळलेला, रेटिंगला न मोजला जाणारा डाव सगळ्यात उत्तम, आणि त्यातही हरलेला. ओळखीचा माणूस अशासाठी की डाव संपल्यावर त्याला विचारता येतं, "तू उंट तिथे कशाला नेलास रे?" अनोळखी माणूस 'गुड गेम' लिहून निघून जातो. एक पथ्य मात्र पाळा. डाव चालू असताना कॉम्प्युटरला विचारायचं नाही, घरच्या माणसाशी खेळत असलात तरीही. ती लबाडी झालीच, शिवाय तपासायला तुमचं स्वतःचं असं काही उरत नाही.

रीमॅचआधी पाच मिनिटं

डाव संपला की लगेच समोरच्याला फोन लावा किंवा दोन-चार मेसेज टाका. कोण बरोबर, कोण चूक ते ठरवायचं नाही. कुठे भीती वाटली, कुठे हायसं वाटलं, एवढंच विचारायचं. माझा आतेभाऊ त्या दिवशी म्हणाला, "तू उंट वजिराच्या पुढ्यात ठेवलंस ना, तेव्हा माका वाटला आता हल्लो येता." म्हणजे माझा बेत त्याला दिसला होता. त्याचा बेत मला दिसला नव्हता. अख्ख्या डावाची गोष्ट त्याच्या या एका वाक्यात होती. पण ते कळायला मला अजून दोन तास लागायचे होते.

पट मांडा, वही उघडा, कॉम्प्युटर बंद

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच सगळे गाळतात.

खरा पट असेल तर तोच मांडा. पडद्यावर बोट सरकवून डाव मागेपुढे करताना डोळा घसरत जातो. हाताने मोहरा उचलून ठेवताना थांबावं लागतं. आमच्या पटातला एक काळा उंट गणपतीत कुठेतरी हरवला. त्याच्या जागी सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेलं लाकडी वांगं उभं असतं. त्याने काही बिघडत नाही.

वहीत प्रत्येक खेळीवर लिहायला बसू नका, तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. तीन-चारच जागा शोधा: जिथे धक्का बसला, जिथे काय करावं ते सुचत नव्हतं, आणि जिथे 'वा, आता जिंकलोच' असं वाटलं. तिसरी जागा हमखास शोधा. निम्मे वजीर तिथेच जातात.

प्रत्येक जागेपुढे दोन ओळी. तेव्हा मी काय विचार केला? आणि समोरच्याची आधीची खेळी कशासाठी होती असं मला वाटलं? दुसरीचं उत्तर 'काहीच वाटलं नाही' असेल, तर तेच लिहा. खोटं लिहायचा मोह होतो. आपणच आपल्याला कशाला फसवायचं?

मिखाईल बॉटविनिक १९४८ मध्ये जगज्जेता झाला, तेव्हा विचारायला कॉम्प्युटर नव्हताच. स्वतःच्या डावांचं लेखी विश्लेषण करा आणि ते छापा, म्हणजे लोक त्यातल्या चुका काढतील, असं तो सांगायचा आणि करायचाही. आपल्याला छापायची गरज नाही. न खपलेली दोनशेपानी वही चालते.

आता माझाच डाव मांडते, म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान नको. पडद्यावर घरांची नावं इंग्रजी अक्षरांत दिसतात, मी ती देवनागरीत लिहिते. पांढऱ्याच्या बाजूने डावीकडून उभ्या पट्ट्या ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच, आणि खालून वर आडव्या ओळी १ ते ८. '×' म्हणजे मारलं. नुसतं घर लिहिलं असेल तर ते प्यादं. पांढरी मी.

१. ई४, ई५
२. घोडा एफ३, डी६
३. उंट सी४, उंट जी४
४. घोडा सी३, एच६
५. डी३, घोडा एफ६
६. कॅसलिंग (राजाच्या बाजूला), घोडा सी६
७. उंट ई३, उंट ई७
८. ए३, कॅसलिंग (राजाच्या बाजूला)
९. वजीर डी२, उंट × एफ३
१०. जी × एफ३, घोडा डी४
११. उंट × एच६, घोडा × एफ३ शह
१२. राजा जी२, घोडा × डी२
१३. उंट × डी२, घोडा एच७
१४. राजा एच१, घोडा जी५
१५. उंट × जी५, उंट × जी५
१६. हत्ती जी१, उंट एफ४
१७. घोडा डी५, वजीर डी७
१८. घोडा × एफ४, ई × एफ४

यापुढे तो वजीर घेऊन आणि मी वजिराविना खेळलो. त्यात तपासण्यासारखं काही नाही.

पाचवी खेळी: न दिसलेलं सोनं

वहीत मी लिहिलं होतं, "५. डी३. उंटाला जागा केली. एफ३चा घोडा हलवता येत नाही, मागे वजीर आहे."

ही समजूतच अर्धवट होती. घोड्यामागे राजा असता तर तो हलवणं नियमातच बसत नाही. मागे वजीर असेल तर घोडा हलतो, फक्त किंमत मोजावी लागते. आणि कधीकधी ती मोजण्यासारखी असते. इथे होती: ५. घोडा × ई५! त्याने लोभाने उंट × डी१ करून वजीर खाल्ला, तर ६. उंट × एफ७ शह, राजाला ई७ एवढं एकच घर, आणि ७. घोडा डी५, मात. पटावर मांडून बघा. दोन घोडे आणि एका उंटाने राजाची सगळी घरं बंद होतात. त्याने वजीर न खाता डी६च्या प्याद्याने ई५चा घोडा मारला, तर ६. वजीर × जी४ करून आपला मोहरा परत, वर एक प्यादं फुकट.

या मातेला लेगालची मात म्हणतात. लेगाल हा अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू, त्या काळच्या नामवंत खेळाडू फिलिडोरचा गुरू. गंमत म्हणजे माझ्या भावाने दुसऱ्या खेळीला डी६ खेळून जो बचाव मांडला, त्याला फिलिडोरचंच नाव आहे. चेल्याच्या बचावावर गुरूचा सापळा. आमचे आजोबा पडवीत जो देशी डाव खेळायचे, त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं. तिथे सगळं सावकाश. असले झटपट सापळे आपण ऑनलाइन आल्यावरच शिकतो.

पण या जागेवर संध्याकाळ घालवू नका. हे न दिसल्याने माझं नुकसान काहीच झालं नाही, फक्त फायदा हुकला. वहीत एक ओळ पुरे: "'हलवता येत नाही' असं म्हटलं की विचारायचं: येतच नाही, की महाग पडेल?" पुढे चला.

आठव्या खेळीच्या ए३पुढे मी लिहिलं होतं, "सुचेना म्हणून." अशा खेळ्या सगळ्यांच्या डावात असतात. त्यांच्याभोवती पेन्सिलने गोल करून ठेवा, इतकंच. इथे एच३ खेळून जी४च्या उंटाला 'जातोस की मारतोस' विचारता आलं असतं. वजीर गमावला तो यानंतर.

अकरावी खेळी: वजीर

इथे जरा वेळ बसा.

दहाव्या खेळीनंतरचा पट मांडा. माझा राजा जी१वर, वजीर डी२वर, उंट ई३ आणि सी४वर, घोडा सी३वर. एफ३वर जोडप्यादं झालंय, कारण त्याने तिथला घोडा मारला आणि मी जी२च्या प्याद्याने परत मारलं. जी-पट्टी मोकळी. त्याचा राजा जी८वर, घोडे एफ६ आणि डी४वर. डी४चा घोडा आत्ताच आलाय.

माझ्या डोक्यात काय होतं ते वहीत जसंच्या तसं आहे: "वजीर आणि उंट एका रांगेत एच६कडे. उंट एच६वर मारायचा, तो जी७च्या प्याद्याने मारेल, मग वजीर एच६वर, राजा एच१, हत्ती जी१, संपला." किती छान बेत! नवव्या खेळीपासून मी तो मनात घोळवत होते. त्याचा घोडा डी४वर आला तेव्हा 'सी२च्या प्याद्यावर आलाय, तिथे वजीर आहे राखायला' एवढं बघितलं आणि माझं काम चालू केलं. डाव उघडला की प्रत्येक खेळीला किती वेळ लागला तेही दिसतं. मला लागले होते चार सेकंद.

डी४वरून घोडा कुठे कुठे उडी मारू शकतो ते बोट ठेवून मोजा. सी२, बी३, बी५, सी६, ई६, एफ५, ई२, एफ३. मी सी२ बघितलं आणि थांबले. एफ३वर माझं प्यादं आहे, त्याला कोणाचाच आधार नाही, आणि घोडा तिथे बसला की एका बाजूला जी१चा राजा आणि दुसऱ्या बाजूला डी२चा वजीर. शह टाळायला राजा हलणार, आणि वजीर जाणार. यालाच फोर्क म्हणतात, दुहेरी मारा. तो घोड्यानेच यावा आणि आपल्या भाषेत मोठ्या चुकीला शब्दही घोडचूक असावा, हा योगायोग मला दर वेळी टोचतो.

वजिराच्या बदल्यात डी२वर मला घोडा मिळाला, वर एच६चं प्यादं, पण एफ३चं प्यादं गेलंच. वजिराचे ९, घोड्याचे ३, हा हिशेब कोणालाही येतो.

बरोबर काय होतं? अगदी साधं. ११. उंट × डी४. ई३चा उंट त्या घोड्याकडे बघतच होता. तो ई५च्या प्याद्याने परत मारेल, सी३च्या घोड्यावर प्यादं येईल, घोडा ई२वर नेऊ आणि डाव चालू. किंवा ११. राजा जी२, एफ३च्या प्याद्याला आधार. दोन्ही खेळ्या कोणत्याही नवख्याला दिसण्यासारख्या आहेत. म्हणूनच ही जागा मोलाची. लेगालची मात मला दिसली नाही, कारण ती माहीतच नव्हती. हे मला दिसत होतं, पण मी बघितलं नाही. या दोन चुकांचं औषध वेगळं. पहिलीला अभ्यास लागतो. दुसरीला खेळी करण्याआधी एक प्रश्न: *याने आत्ता जे हलवलं, त्याने आता काय काय मारता येतं?* 'काय' नाही, 'काय काय'. मी पहिल्या उत्तरावरच थांबले होते.

तपासताना तुमच्या प्रत्येक धक्क्याच्या जागी एवढंच करा. पट मांडा, समोरच्याने शेवटचा हलवलेला मोहरा उचला, आणि तो जिथे जिथे जाऊ शकतो त्या घरांवर बोट ठेवत जा. त्यातल्या प्रत्येक घरी शह आहे का, काही मारतोय का, पुढे काही मारायची धमकी आहे का? मग हेच स्वतःच्या मोहऱ्यांचं. सुरुवातीला एका जागेला पाच मिनिटं लागतील, लागू देत. चालू डावात हे सेकंदात व्हावं म्हणूनच इथे पाच मिनिटं घालवायची.

अठरावी खेळी: दोघंही आंधळे

वजीर गेल्यावर लोक डाव तपासायचं सोडतात. सोडू नका, कारण जिंकणारा तिथे सैलावतो.

सतराव्या खेळीनंतरचा पट असा: माझा राजा एच१वर, हत्ती जी१ आणि ए१वर, उंट सी४वर, घोडा डी५वर. त्याचा राजा जी८वर, त्याच्यापुढे एफ७ आणि जी७ची प्यादी, हत्ती एफ८ आणि ए८वर, उंट (म्हणजे वांगं) एफ४वर, ई५चं प्यादं त्याच्या आधाराला. वजीर त्याने आत्ताच डी७वर आणलाय.

आता वरचा प्रश्न विचारा. डी७चा वजीर कुठे जाऊ शकतो? एच३वर. आणि तिथून एच२वर मात, एफ४चा उंट मदतीला आहेच. हे मी पाहिलं! मला स्वतःचा अभिमानच वाटला. घाबरून १८. घोडा × एफ४ खेळले, त्याने प्याद्याने परत मारलं, मातेची धमकी टळली. वहीत लिहिलं, "बरोबर खेळले."

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग विचारला, दुसरा राहिला. त्याचा धोका बघितला की थांबायचं नाही. त्याच खेळीने त्याचं काय उघडं पडलं तेही बघायचं. वजीर डी८वर होता तेव्हा एफ६चं घर राखत होता. डी७वर आला आणि ते घर सुटलं. मग? १८. घोडा एफ६, शह! जी८चा राजा आणि डी७चा वजीर, दोन्ही एका घोड्याच्या टप्प्यात. आणि जी७चं प्यादं घोड्याला मारू शकत नाही, कारण माझा हत्ती जी१वरून सरळ रेषेत त्याच्या राजाकडे बघतोय. प्यादं हललं तर राजा उघडा. हे प्यादं खरंच हलू शकत नाही, पाचव्या खेळीसारखं 'महाग पडेल' नाही. राजाला एच८ हे एकच घर, आणि पुढच्या खेळीला वजीर माझा. हरलेला डाव एका खेळीत उलटला असता.

आतेभावाला फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग, "माका पण दिसूक नाय ता." म्हणून सांगते, समोरच्याच्या चुकाही तपासा. त्याची प्रत्येक मोठी चूक ही तुम्हाला मिळालेली संधी असते, आणि ती तुम्ही घेतलीत की नाही ते बघण्यातच अर्धा अभ्यास होतो.

आता कॉम्प्युटर लावा

वहीत तुमच्या जागा आणि तुमची उत्तरं लिहून झाली, की मगच. लिचेस या वेबसाइटवर हे विश्लेषण पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत. चेस डॉट कॉमच्या फुकट खात्यावर मर्यादा आहे. डाव उघडून विश्लेषण मागितलं की स्टॉकफिश नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक खेळी तपासतो.

आकडा दिसेल, +१.० वगैरे. त्याचा अर्थ पांढऱ्याकडे साधारण एका प्याद्याइतकी सरशी. उणे म्हणजे काळ्याकडे. ०.३, ०.४ अशा फरकांकडे ढुंकूनही बघू नका, ते आपल्या कामाचे नाहीत. खेळीपुढे खुणा येतात: '?!' म्हणजे किरकोळ, '?' म्हणजे चूक, '??' म्हणजे घोडचूक. पहिले काही महिने फक्त दोन प्रश्नचिन्हांच्या जागा बघा. या डावात ११वीला मला, १७वीला त्याला, १८वीला पुन्हा मला.

एक बारीक गोष्ट. लिचेस या खुणा देताना जिंकण्याची शक्यता किती घसरली ते मोजतं. त्यामुळे डाव पार हातचा गेला असेल, तर त्यानंतर आणखी मोहरे फुकट घातले तरी खूण दिसेलच असं नाही. खूण नाही म्हणून शाबासकी घेऊ नका.

तुमच्या यादीत असलेली आणि कॉम्प्युटरनेही दाखवलेली जागा, तिथे तुमचं उत्तर जुळतंय का बघा. कॉम्प्युटरने दाखवलेली पण तुमच्या यादीत नसलेली जागा जास्त मोलाची. माझ्या यादीत अठरावी नव्हती, 'बरोबर खेळले' म्हणून. अशा ठिकाणी कॉम्प्युटरने सुचवलेल्या खेळीचा बाण लगेच बघायचा नाही. बाण झाका, पट मांडा, पाच मिनिटं स्वतः शोधा. लिचेसवर 'चुकांतून शिका' असा पर्याय आहे, तो हेच करतो. तुमच्या चुकीच्या जागी पट उभा करतो आणि चांगली खेळी शोधायला लावतो.

आणि कॉम्प्युटरशी भांडा. "पण मी असं खेळले असते तर?" म्हणा, ती खेळी पटावर करा, तो काय उत्तर देतो बघा. त्याच्या आठ-आठ खेळ्यांच्या लांब ओळी पाठ करू नका. माझा नियम असा: चांगली खेळी चांगली का, हे मला साध्या मराठीत एका वाक्यात सांगता आलं, तर ती वहीत जाते. 'प्यादं पिन झालंय, म्हणजे राजापुढे अडकलंय, म्हणून घोडा सुरक्षित' हे वाक्य झालं. 'कॉम्प्युटर म्हणतो म्हणून' हे नाही.

आमच्याकडे पावसात रेंज जाते-येते. लिचेसचं ॲप मोबाइलमध्येच इंजिन, म्हणजे हा तपासणारा प्रोग्रॅम, चालवतं, नेट नसलं तरी. पण फोन तापतो आणि बॅटरी खातो, तेव्हा आधी चार्ज करा. माझं बरंचसं तपासणं धोपाव्याच्या जेटीवर दाभोळच्या फेरीची वाट बघता बघता होतं. एक फेरी चुकली की एक जागा नीट तपासून होते.

चुकांची वही

शेवटी एका वेगळ्या पानावर प्रत्येक चुकीची एक ओळ. तारीख, कितवी खेळी, आणि कारण. कारण तुमच्या शब्दांत. 'टॅक्टिकल ओव्हरसाइट' असलं काही लिहू नका, त्याने डोक्यात काही उभं राहत नाही. माझ्या वहीतली नावं अशी आहेत: 'स्वतःच्या बेतात रमले', 'पहिल्या उत्तरावर थांबले', 'घाबरून मारलं', 'हललेल्या मोहऱ्याने सोडलेलं घर बघितलं नाही', 'सुचेना म्हणून', 'कुकर'. शेवटचं कारण खरंच आहे. स्वयंपाक करताना खेळायचं नाही, हे मला या वहीनेच शिकवलं.

आठ-दहा डाव झाले की पान काढा आणि कुठलं कारण किती वेळा आलं ते मोजा. माझ्या पानावर निम्म्याहून जास्त ओळी एकाच जातीच्या निघाल्या, 'स्वतःच्या बेतात रमले'. मला आधी वाटायचं माझी ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्या, कच्ची आहे. पाठ करायला व्हिडिओ शोधत होते. ओपनिंगमुळे गेलेला एकही डाव त्या पानावर नव्हता.

जाता जाता आणखी एक करा. प्रत्येक मोठ्या चुकीच्या जागेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, चुकीची खेळी होण्याच्या आधीचा. आठवड्याने तो उघडा आणि उत्तर शोधा. बाजारात हजारो कोडी आहेत, पण ही तुमची स्वतःची. तिथे तुमचं डोकं नेमकं कुठे घसरतं ते तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा घसरतं.

परवाच्या रविवारी आतेभावाशी पुन्हा बसले. ई४, ई५. घोडा एफ३, डी६. उंट सी४, आणि त्याने पुन्हा उंट जी४वर आणला. माझे हात थरथरायला लागले. घोडा सी३. त्याने खेळी केली, मी पाहिलीही नाही नीट, आणि दोन सेकंदांत घोडा × ई५! वजीर खा, बाबा, खा.

त्याने वजीर खाल्ला नाही. त्याने या वेळी चौथ्या खेळीला एच६ ऐवजी घोडा सी६वर आणला होता. त्या घोड्याने ई५वरचा माझा घोडा उचलला, तिथून तो जी४च्या उंटालाही आधार देऊन बसला आणि माझ्या सी४च्या उंटाकडेही बघायला लागला. एका प्याद्यासाठी घोडा.

वहीत नवीन ओळ आहे: रविवार, ५वी खेळी, 'स्वतःच्या बेतात रमले'.